प्लॅस्टिकचा दुसरा वापर : शेतघर, माती आणि जनावरे यांच्यापुढील धोका

भाजीपाल्याच्या शेतात मे महिन्याची नांगरट झाली की एक दृश्य हमखास दिसते. ढेकळांमधून चंदेरी-काळ्या फिल्मच्या चिंध्या डोकावतात, ठिबकच्या नळीचे तुकडे नांगराच्या फाळाला गुंडाळले जातात आणि बांधावरच्या तारेच्या कुंपणावर गेल्या हंगामातील आच्छादनाचे लांब पट्टे फडफडत असतात. ज्या फिल्मने तण रोखले, पाणी वाचवले आणि मिरची, टोमॅटो, कलिंगडाला आधार दिला, तिचे काम आता संपलेले असते. शेतकऱ्याच्या खर्चाच्या वहीत तिची खरेदी नोंदलेली असते. ती शेतातून बाहेर काढण्याचा खर्च मात्र सहसा कुठेच लिहिलेला नसतो.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२१ मध्ये कृषी प्लॅस्टिकवर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०१९ या एका वर्षात जगभर पीक व पशुउत्पादनासाठी सुमारे १२५ लाख टन आणि अन्नपदार्थांच्या वेष्टनासाठी सुमारे ३७३ लाख टन प्लॅस्टिक वापरले गेले. भारतातील शेतीही या प्रवाहाबाहेर नाही. रोपवाटिकेतील काळ्या पिशवीपासून शेततळ्याच्या ५०० मायक्रॉन जाडीच्या अस्तरापर्यंत, केळीच्या घडावरील आवरणापासून मुरघासाच्या पिशवीपर्यंत प्लॅस्टिक सर्वत्र आहे.

शेतातून प्लॅस्टिक पूर्णपणे हद्दपार करावे, असे म्हणणे सोपे आहे. परंतु अवर्षणप्रवण भागात ठिबक आणि शेततळे नाकारणे म्हणजे पीकच नाकारण्यासारखे होईल. ज्या कामासाठी प्लॅस्टिक बनवले ते काम ते बहुतांशी सुरक्षितपणे करते. धोका प्रामुख्याने नंतर सुरू होतो : रिकामा डबा दुसऱ्याच कामाला घेतला जातो, पातळ फिल्म मातीत राहते, पिशवी उकिरड्यावर पडते किंवा सगळे एकत्र करून पेटवले जाते. विस्तार कार्यकर्त्यांनी भर द्यायला हवा तो या ‘दुसऱ्या वापरा’वर.

उष्णता, तेल आणि काळ

प्लॅस्टिक हा एकच पदार्थ नव्हे. पाण्याच्या बाटलीचे पीईटी, कीटकनाशकाच्या डब्याचे उच्च घनतेचे पॉलिथिलीन, पाइपचे पीव्हीसी, पिशवीचे कमी घनतेचे पॉलिथिलीन, खताच्या गोणीचे पॉलिप्रॉपिलीन आणि थर्मोकोलचे पॉलिस्टायरीन यांचे गुणधर्म भिन्न आहेत. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात कोरलेला १ ते ७ मधील अंक हा त्या प्रकाराचा निदर्शक असतो. तो सुरक्षिततेचा शिक्का आहे असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे.

मूळ बहुवारिकाबरोबर प्लॅस्टिकमध्ये लवचिकपणा आणणारी, रंग देणारी, उन्हापासून टिकाव देणारी अनेक रसायने मिसळलेली असतात. यांपैकी पुष्कळशी रसायने बहुवारिकाच्या साखळीला पक्की जोडलेली नसतात, त्यामुळे ती हळूहळू बाहेर झिरपतात. तापमान वाढले, पदार्थ तेलकट किंवा आंबट असला आणि साठवणीचा काळ लांबला की झिरपण्याचा वेग वाढतो. पीव्हीसी मऊ करण्यासाठी वापरली जाणारी थॅलेट वर्गातील रसायने आणि पॉलिकार्बोनेटमधील बिस्फेनॉल-ए ही शरीरातील संप्रेरकांच्या कार्यात ढवळाढवळ करतात, हे दीर्घकाळ अभ्यासले गेले आहे. भारतीय मानक ब्युरोने २०१५ मध्ये बाळांच्या दुधाच्या बाटल्यांसाठी पॉलिकार्बोनेटचा वापर बंद केला, तो याच कारणाने.

रसायनांबरोबर कणांचाही प्रश्न आहे. ५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणतात. ही संज्ञा २००४ मध्ये ब्रिटनमधील सागरी संशोधनातून रूढ झाली. पण तिचा पुरावा आता चहाच्या टपरीपर्यंत आला आहे. खरगपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी कागदी कपांची तपासणी केली. हे कप कागदी दिसत असले तरी आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. ८५ ते ९० अंश सेल्सिअस तापमानाचे १०० मिलिलिटर पाणी अशा कपात १५ मिनिटे ठेवल्यावर त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म कण आढळले. म्हणजे दिवसाला तीन कप चहा घेणाऱ्याच्या पोटात ७५,००० कण जाऊ शकतात. शेतमजुरांसाठी बांधावर चहा नेताना कागदी कपांची चळत न्यायची की स्टीलचे पेले, हा प्रश्न त्यामुळे केवळ कचऱ्याचा राहत नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयातील संशोधकांना २०२० मध्ये पॉलिप्रॉपिलीनच्या बाळाच्या बाटल्यांतून दर लिटरमागे १ कोटी ६२ लाखांपर्यंत कण सुटताना दिसले आणि पाणी जितके गरम तितके कण अधिक, हेही स्पष्ट झाले. यावरचा उपाय अंगणवाडी सेविका सहज सांगू शकतात : दूध स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात तयार करून थंड करावे आणि मगच बाटलीत भरावे.

हे कण शरीरात गेल्यावर काय करतात? येथे उतावीळ निष्कर्ष टाळले पाहिजेत. २०२१ मध्ये इटलीतील संशोधकांना मानवी वारेत आणि २०२२ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांना रक्तात प्लॅस्टिकचे अंश आढळले. २०२४ मध्ये इटलीतील आणखी एका अभ्यासात मानेतील रोहिणीमधला थर शस्त्रक्रियेने काढलेल्या २५७ रुग्णांवर सुमारे ३४ महिने लक्ष ठेवले गेले. त्यांपैकी १५० जणांच्या थरात पॉलिथिलीन सापडले आणि ज्यांच्या थरात असे कण होते त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका इतरांच्या सुमारे साडेचार पट आढळला. या अभ्यासाने संबंध दाखवला आहे, कारण सिद्ध केलेले नाही. तरीही ज्या गोष्टीचा धोका टाळायला फारसा खर्च येत नाही, ती अंतिम पुराव्याची वाट पाहत चालू ठेवण्यात शहाणपण नाही.

शेतघरात काही सवयी सहज बदलता येतात. लोणचे, तेल आणि तूप काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत अथवा स्टीलच्या डब्यात ठेवावे. गरम भाजी किंवा आमटी पातळ पिशवीत बांधून आणू नये. गुऱ्हाळात गुळाचा गरम पाक साच्यात ओतताना ओल्या सुती कापडाची जुनी पद्धतच योग्य आहे. प्लॅस्टिकच्या कागदाने काम झटपट होते, पण पाकाच्या उष्णतेत तो मऊ पडतो. काळ्या किंवा गडद रंगाच्या स्वस्त बादल्या आणि टोपली बहुधा पुनर्प्रक्रिया केलेल्या प्लॅस्टिकची असतात. ती शेणमातीसाठी ठेवावीत. पिण्याचे पाणी आणि दूध यांच्यासाठी वापरू नयेत. रंगाच्या रिकाम्या बादलीत धान्य किंवा पाणी भरण्याची चालही याच प्रकारात मोडते.

कीटकनाशकाचा रिकामा डबा

घरातील सर्वांत मोठा आणि सर्वांत तातडीचा धोका मात्र सूक्ष्म कणांचा नाही. तो कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्याचा आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावात शालेय मध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ मुलांचा मृत्यू झाला. न्यायवैद्यक तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. ते तेल पूर्वी कीटकनाशक असलेल्या डब्यात ठेवले गेले असावे, असे त्या वेळी तपासातून पुढे आले. या घटनेनंतरही ग्रामीण भागात पाच लिटरचे पांढरे कॅन रॉकेल, डिझेल, ताक आणि पाण्यासाठी वापरले जाताना दिसतात, कारण ते मजबूत असतात, त्यांना मूठ असते आणि ते फुकट मिळतात.

असा डबा कितीही घासला तरी पूर्ण स्वच्छ होत नाही. द्रावकयुक्त प्रवाही कीटकनाशकाचा काही अंश पॉलिथिलीनच्या भिंतीत मुरतो आणि नंतर भरलेल्या तेलात पुन्हा उतरतो. साबण, राख किंवा उन्हात वाळवणे यांपैकी कशानेही तो धोका जात नाही.

मग तीन वेळा धुणे कशासाठी? ते डबा पुन्हा वापरण्यासाठी नाही; तो पुढे हाताळणाऱ्याला अपाय होऊ नये आणि औषध वाया जाऊ नये यासाठी आहे. द्रावण तयार करतानाच, डबा रिकामा होताक्षणी त्यात एक-चतुर्थांश पाणी भरावे, झाकण लावून अर्धा मिनिट हलवावे आणि ते पाणी फवारणी पंपातच ओतावे. असे तीन वेळा करावे. तळाला चिकटलेले औषध सुकले की ते निघत नाही, म्हणून हे काम दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. धुतलेले पाणी फवाऱ्यातच जात असल्याने पैसे देऊन घेतलेले औषधही पूर्ण वापरले जाते. शेतकऱ्याला हा दुसरा मुद्दा आधी सांगावा, तो लगेच पटतो. त्यानंतर डब्याच्या तळाला खिळ्याने किंवा आरीने दोन-तीन भोके पाडावीत. भोक पडलेल्या डब्यात कोणी ताक भरत नाही.

कीटकनाशक नियम, १९७१ मधील तरतूद अशी की वापरलेली वेष्टने पुन्हा वापरात येऊ नयेत म्हणून मोडून वस्तीपासून दूर पुरावीत. कागद, पत्रा आणि काच यांच्या काळात ही तरतूद पुरेशी होती. आज एका गावातून एका हंगामात निघणाऱ्या बाटल्यांची संख्या पाहता, पुरलेले प्लॅस्टिक तसेच जमिनीत राहणार हे उघड आहे. विहीर, ओढा किंवा पाणी साठणाऱ्या सखल जागेजवळ तर ते मुळीच पुरू नये.

एकरी हिशेब

आच्छादन फिल्म मातीत किती राहते, याचा अंदाज डोळ्यांनी घेतला की तो नेहमी कमी येतो. त्यामुळे गावबैठकीत पुढील हिशेब फळ्यावर मांडून दाखवणे उपयोगी पडते. २५ मायक्रॉन जाडीच्या फिल्मचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २३ ग्रॅम असते. पाच फुटांवर गादीवाफे आणि १.२ मीटर रुंदीची फिल्म धरली तर एकरात सुमारे २,७०० मीटर लांबीचे वाफे बसतात. त्यासाठी सुमारे ३,२४० चौरस मीटर, म्हणजे जवळपास ७५ किलो फिल्म लागते. पिकानंतर बहुतेक फिल्म गोळा केली आणि फक्त दहावा भाग तुटून राहिला, असे समजू. तो साडेसात किलो होतो. दहा हंगाम असेच झाले तर त्या एकराच्या पोटात पाऊण क्विंटल फिल्म जमा होते, आणि तिचे तुकडे जोडले तर एकराचा चार-पंचमांश भाग झाकला जाईल.

आता १५ मायक्रॉनची स्वस्त फिल्म घेऊ. तिला एकरी ७५ ऐवजी ४५ किलोच वजन लागते, म्हणून खरेदीच्या वेळी ती आकर्षक वाटते. पण ऊन आणि वारा खाऊन ती पिकाच्या शेवटी हातात धरली की फाटते. तिचा दहावा भाग न राहता तीन-दशांश भाग मातीत राहिला, असे धरले तर शिल्लक साडेतेरा किलो भरते. वजनाने कमी घेतलेली फिल्म मातीत जवळजवळ दुप्पट उरते. शिवाय पुनर्प्रक्रिया करणारा ती घेत नाही, कारण पातळ फिल्मला चिकटलेल्या मातीचे वजन फिल्मइतके किंवा त्याहून अधिक होऊ शकते.

हा अनुभव चीनने मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. शिनजियांगच्या कापूस पट्ट्यात वर्षानुवर्षे ८ मायक्रॉनच्या आसपासची अतिपातळ फिल्म वापरली गेली. उत्पादन वाढले, पण तुकडे उचलता आले नाहीत. पाण्याचा निचरा आणि मुळांची वाढ अडू लागली. तेथे या समस्येला ‘श्वेत प्रदूषण’ असे नाव मिळाले. अखेर २०१७ मध्ये मानक बदलून किमान जाडी १० मायक्रॉन ठरवण्यात आली आणि २०१८ पासून ती लागू झाली. भारतात फिल्मचा प्रसार अजून त्या टप्प्याला पोहोचलेला नाही, हीच येथे जमेची बाजू आहे.

तुकडे लहान झाले म्हणजे प्रश्न संपला, असेही नाही. नेदरलँड्समधील वॅगेनिंगन विद्यापीठाच्या प्रयोगांत सूक्ष्म प्लॅस्टिकचे प्रमाण जास्त असलेल्या पालापाचोळ्यावर गांडुळांची वाढ खुंटली आणि मृत्यू वाढले. कमी प्रमाणात ते कण गांडुळांच्या बिळांतून खालच्या थरात गेले. २०२० मध्ये चिनी संशोधकांना गहू आणि लेट्यूस यांच्या उपमुळे फुटण्याच्या ठिकाणी असलेल्या बारीक भेगांतून एका मायक्रॉनपेक्षा लहान कण आत जाताना दिसले. ही निरीक्षणे नियंत्रित प्रयोगांतील आहेत आणि शेतातील प्रमाण त्यापेक्षा बरेच कमी असू शकते, हे ध्यानात ठेवावे. पण मातीत एकदा मिसळलेला कण वेगळा काढण्याची कोणतीही पद्धत शेतकऱ्याच्या हाती नाही, ही गोष्ट प्रयोगशाळेबाहेरही तितकीच खरी आहे.

फिल्म न वापरणाऱ्याच्या शेतातही प्लॅस्टिक येऊ शकते. शहरी कचऱ्यापासून बनवलेले कंपोस्ट हा त्याचा एक मार्ग आहे. खत नियंत्रण आदेशानुसार अशा कंपोस्टचा किमान ९० टक्के भाग ४ मिलिमीटरच्या चाळणीतून जायला हवा. चाळणी मोठे तुकडे अडवते. त्याहून लहान तुकडे तिच्यातूनच पार होतात. म्हणून ओला व सुका कचरा मुळात वेगळा केलेल्या ठिकाणचेच कंपोस्ट घ्यावे. खरेदीपूर्वी मूठभर नमुना पाण्याच्या पेल्यात ढवळून स्थिर होऊ द्यावा. वर तरंगणाऱ्या रंगीत चकत्या आणि तंतू साध्या डोळ्यांनी दिसले, तर ते खत शेतात टाकू नये.

फिल्म काढण्याची वेळ महत्त्वाची आहे. शेवटच्या तोडणीनंतर पीक उभे वाळू दिले की महिनाभराचे कडक ऊन फिल्मला आणखी ठिसूळ करते. तोडणी संपताच झाडे बुंध्याशी कापावीत, वाफ्याच्या दोन्ही कडांची माती कुदळीने मोकळी करावी आणि माती हलकी वाफशावर असताना फिल्म एका टोकाकडून गुंडाळत न्यावी. कोरडी, कठीण झालेली माती फिल्म फाडते. चिखल तिला चिकटून येतो. फिल्म निघाल्यानंतर खालच्या नळ्या गोळा कराव्यात. रोटाव्हेटर त्याआधी कधीही चालवू नये. एका फेरीत तो एका चिंधीच्या शंभर चिंध्या करतो, आणि त्या वेचायला मजूर मिळत नाही. रोप लावताना काळी पिशवी काढण्याबाबतही हीच शिस्त हवी. पिशवीसकट लावलेल्या आंब्याची किंवा सागाची मुळे आतल्या आत गुंडाळत राहतात, आणि रोप का खुरटले हे काही वर्षांनी वाऱ्याने झाड आडवे पडल्यावर कळते.

गाय निवडून खात नाही

शेळी ओठांनी निवडून पाने खाते. गाय आणि म्हैस जिभेने घास ओढतात, त्यामुळे चाऱ्यातील तार, खिळा किंवा पिशवी वेगळी काढणे त्यांना जमत नाही. गाठ मारून फेकलेल्या पिशवीत शिळ्या भाकरीचा किंवा भाजीच्या देठांचा वास असतो. जनावर गाठ सोडत नाही, पिशवीच गिळते. आंध्र प्रदेशातील पुट्टपर्थी येथील करुणा सोसायटीने मोकाट जनावरांवर शस्त्रक्रिया करून त्यांच्या पोटातून प्लॅस्टिकचे गोळे बाहेर काढले. त्यावर आधारलेला ‘द प्लास्टिक काऊ’ हा माहितीपट २०१२ मध्ये आला आणि त्याच वर्षी हा प्रश्न याचिकेद्वारे सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. मोकाट जनावरांच्या शस्त्रक्रियांत एकेका पोटातून दहा-वीस किलो किंवा त्याहून अधिक प्लॅस्टिक निघाल्याच्या नोंदी आहेत.

कोटीपोटात गेलेले प्लॅस्टिक पचत नाही आणि पुढे सरकतही नाही. त्यात दोऱ्या, केस आणि चारा गुंतून गोळा वाढत जातो. खऱ्या चाऱ्याला जागा उरत नाही. सुरुवातीची लक्षणे फसवी असतात. भूक कमी-जास्त होते, दूध हळूहळू घटते, रवंथ मंदावते, पोटफुगी औषधाने उतरते आणि पंधरा दिवसांनी पुन्हा होते. अशा वारंवार येणाऱ्या पोटफुगीवर घरगुती काढे देत बसण्याऐवजी पशुवैद्यकाकडून कोटीपोटाची तपासणी करून घ्यावी. प्लॅस्टिक विरघळवणारे औषध नाही; कोटीपोट उघडून ते काढणे हाच उपाय आहे. जनावर फार खंगण्यापूर्वी ही शस्त्रक्रिया झाली तर ते सावरण्याची शक्यता चांगली असते.

मोकाट सोडलेली जनावरेच याला बळी पडतात, हा समज अपुरा आहे. गोठ्यात बांधलेल्या जनावरांपर्यंत प्लॅस्टिक कडबाकुट्टीतून पोहोचते. पेंढीला बांधलेली निळी-हिरवी सुतळी न सोडता पेंढी यंत्रात जाते, मुरघासाच्या पिशवीचा फाटलेला काठ चाऱ्याबरोबर येतो, जुन्या खताच्या गोणीचे तंतू गव्हाणीत पडतात. कुट्टी यंत्राशेजारी एक डबा ठेवून प्रत्येक सुतळी त्यात टाकण्याचा नियम केला, तर हा मार्ग जवळजवळ बंद होतो. स्फुरद आणि इतर खनिजांच्या कमतरतेने जनावरे चिंध्या, चामडे, हाडे आणि प्लॅस्टिक चघळू लागतात. म्हणून नियमित खनिज मिश्रण हाही प्लॅस्टिकवरचा एक उपाय ठरतो. दुधाची पिशवी उघडताना कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नये. तो चिमुकला त्रिकोण कोणत्याही संकलनात परत येत नाही. थेट उकिरड्यातून शेणखतात आणि तेथून शेतात जातो.

पेटवणे

गोळा केलेले प्लॅस्टिक शेवटी बांधावर पेटवले जाते. कचरा डोळ्यांआड झाल्याचे समाधान मिळते, परंतु त्यातून सूक्ष्म धूळ, कार्बन मोनॉक्साईड आणि अर्धवट जळालेली विषारी संयुगे बाहेर पडतात. पीव्हीसी पाइपचे तुकडे त्यात असले तर त्यातील क्लोरीनमुळे डायॉक्सिन व फ्युरान तयार होतात. ही संयुगे चरबीत विरघळतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. राख पडलेल्या गवतावर चरणाऱ्या गायीच्या दुधात आणि उकरणाऱ्या कोंबडीच्या अंड्यांत ती उतरू शकतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई करून साध्या प्रकरणात ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. चूल पेटवताना चिपाडाखाली पिशवीचा तुकडा सारण्याची सवय मात्र अशा आदेशांच्या टप्प्याबाहेर राहते, आणि तिचा धूर सर्वांत जवळून स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्या छातीत जातो.

‘विघटनशील’ या शब्दाची पारख

बाजारात अलीकडे विघटनशील म्हणवणाऱ्या फिल्म आणि पिशव्या आल्या आहेत. त्यांत तीन अगदी वेगळे प्रकार आहेत. पहिल्यात साध्या पॉलिथिलीनमध्ये असे रसायन मिसळतात की ते उन्हात लवकर तुटते. ते नष्ट होत नाही, फक्त बारीक होते. म्हणून युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाद्वारे अशा ऑक्सो-विघटनशील वस्तूंवर बंदी घातली. दुसरा प्रकार कंपोस्टयोग्य प्लॅस्टिकचा. त्याची चाचणी ५८ अंशांच्या आसपासचे तापमान टिकवणाऱ्या औद्योगिक कंपोस्टच्या स्थितीत होते. गावच्या उकिरड्यात किंवा गांडूळखताच्या वाफ्यात तशी स्थिती नसते. तिसरा प्रकार मातीत विघटन होणाऱ्या आच्छादन फिल्मचा आहे. २०१८ च्या युरोपीय मानकानुसार अशा फिल्मचा ९० टक्के कार्बन दोन वर्षांच्या आत मातीत कार्बन डायऑक्साईडमध्ये बदलायला हवा. या फिल्मची किंमत जास्त आहे. पण काढण्याची मजुरी वजा केली तर अल्पमुदतीच्या भाजीपाल्यात फरक कमी होतो. विक्रेता यांपैकी कोणत्या प्रकाराबद्दल बोलतो आहे, हे प्रमाणपत्र पाहूनच ठरवावे. पाकिटावरील हिरवे पान म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

परत घेण्याची व्यवस्था

१ जुलै २०२२ पासून देशात एकदाच वापरायच्या ठरावीक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आहे आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून कॅरीबॅगची जाडी किमान १२० मायक्रॉन असावी लागते. फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी प्लॅस्टिक वेष्टने परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादक, आयातदार आणि ब्रँडधारक यांच्यावर टाकली. शेतकऱ्याच्या बांधापर्यंत ही व्यवस्था अजून क्वचितच पोहोचते.

ब्राझीलने हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला. २००० च्या कायद्याने तेथे शेतकऱ्याने डबा तीन वेळा धुऊन खरेदीपासून एका वर्षात परत करणे, विक्रेत्याने परत करण्याचे ठिकाण बिलावर लिहिणे आणि उत्पादकाने तो नेऊन त्याची विल्हेवाट लावणे, अशी तिहेरी जबाबदारी ठरली. आज थेट औषधाच्या संपर्कात येणाऱ्या प्लॅस्टिक डब्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक तेथे परत येतात. आपल्याकडे केरळमधील हरित कर्म सेनेच्या महिला ग्रामपंचायत क्षेत्रातही घरोघर जाऊन स्वच्छ व कोरडे प्लॅस्टिक अल्प शुल्क घेऊन गोळा करतात. नीलगिरीत २०२२ पासून मद्याच्या बाटलीवर १० रुपये अनामत आकारून रिकामी बाटली परत आणल्यावर ती रक्कम परत देण्याची पद्धत सुरू झाली. कीटकनाशकाच्या बाटलीवर अशी अनामत का असू नये, हा प्रश्न कृषी विभाग आणि उद्योग या दोघांनाही विचारण्याजोगा आहे.

तोवर गावपातळीवर वर्षातून दोन दिवस ठरवता येतात : एक उन्हाळी नांगरटीपूर्वी, दुसरा खरिपाच्या फवारण्या संपल्यावर. शेतकरी उत्पादक कंपनी, कृषी सेवा केंद्र आणि ग्रामपंचायत यांनी जागा व वाहन यांची सोय करावी. ठिबकच्या नळ्या आणि पीव्हीसी पाइप यांना भंगारात चांगला भाव मिळतो, फक्त ते वेगवेगळे बांधलेले हवेत. आच्छादन फिल्म झटकून, वाळवून, घट्ट गुंडाळून आणावी. धुतलेल्या आणि भोक पाडलेल्या कीटकनाशकाच्या बाटल्या झाकणे काढून स्वतंत्र पोत्यात भराव्यात, त्यावर ठळक अक्षरांत तसे लिहावे आणि ते पोते उत्पादक कंपनीच्या प्रतिनिधीकडे किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रियाकारालाच द्यावे. इतर भंगारात मिसळून त्या गेल्या, तर त्याच प्लॅस्टिकची बादली होऊन पुन्हा कोणाच्या तरी न्हाणीघरात किंवा गोठ्यात पोहोचण्यास फार काळ लागत नाही.